पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी: ओल्या ग्रॅन्युलेशनपासून डिसोल्यूशनपर्यंत

गोळीची टोपी, म्हणजे वरचा भाग, उडायला लागली की सगळ्यांची नजर आधी मशीनकडे जाते. दाब कमी करा, वेग कमी करा, पंच (गोळी दाबणारा दट्ट्या) बदला. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही धावपळ बहुतेक वेळा उशिराची असते. ही गोळी टिकणार की फुटणार हे ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे पावडर ओली करून तिचे दाणे (ग्रॅन्युल) बनवण्याच्या, भांड्यात आणि ड्रायरच्या ट्रेमध्ये ठरलेलं असतं. म्हणून या लेखात पाणी, ओलावा आणि चाळणी यांनाच जास्त जागा दिली आहे. इथली कृती प्रयोगशाळेतल्या १००० गोळ्यांच्या ट्रायल बॅचसाठी आहे. या गोळ्या चाचण्यांसाठी आहेत, कुणाला खायला देण्यासाठी नाहीत.

अडचण मुळात कुठे आहे

बाजारात मिळणारं पॅरासिटामॉल फॉर्म एक, म्हणजे मोनोक्लिनिक स्फटिकाच्या रूपात असतं. या स्फटिकात एकमेकांवरून घसरणारे सपाट थर नाहीत. त्यामुळे दाब दिला की तो पसरत नाही, तडकतो, आणि दाब काढला की थोडा परत फुगतो. या लवचीक फुगण्यामुळे गोळीचा वरचा भाग टोपीसारखा सुटतो, त्यालाच कॅपिंग म्हणतात. ऑर्थोरॉम्बिक फॉर्म दोन चांगला दाबला जातो, पण तो स्थिर नाही. त्यामुळे रोजच्या कामात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

त्यात डोस मोठा. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत औषधच ८३ टक्के, म्हणजे स्फटिकाचा दोष झाकायला इतर घटकांना फारशी जागा उरत नाही. थेट दाबून गोळी करायची तर पूरक घटक इतका वाढवावा लागतो की गोळी गिळायला अवघड होते. त्यापेक्षा प्रत्येक कणाभोवती बाइंडरचा, म्हणजे कण जोडून ठेवणाऱ्या चिकट घटकाचा, थर चढवणारं ओलं ग्रॅन्युलेशन सोयीचं पडतं.

हाच साचा उचलून क जीवनसत्त्वाच्या गोळीला लावू नका. ॲस्कॉर्बिक ॲसिडला पाणी, उष्णता आणि चाळणीतल्या लोखंड-तांब्याचा अंश एकत्र मिळाले की गोळी पिवळी, मग तपकिरी पडते. तिथे कोरड्या पद्धतीनेच जावं लागतं.

फॉर्म्युला

एका गोळीसाठी मिलिग्रॅममध्ये. १००० गोळ्यांसाठी हेच आकडे ग्रॅममध्ये वाचावेत.

ग्रॅन्युलच्या आत:
- पॅरासिटामॉल, बारीक पावडर: ५००
- मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, पीएच १०१ ग्रेड (हे ग्रेडचं नाव, आम्लतेचा पीएच नव्हे): ४७
- सोडियम स्टार्च ग्लायकोलेट: १२
- पोव्हिडोन के ३० (बाइंडर): १८
- शुद्ध पाणी: लागेल तसं, वाळताना निघून जातं

ग्रॅन्युलच्या बाहेर:
- सोडियम स्टार्च ग्लायकोलेट: १५
- कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड: ३
- मॅग्नेशियम स्टिअरेट (वंगण): ५

एकूण ६००.

डिसइंटिग्रंट, म्हणजे पाण्यात गोळी फोडणारा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, दोन ठिकाणी विभागला आहे. बाहेरचा भाग गोळी फोडून ग्रॅन्युल मोकळे करतो, आतला भाग ग्रॅन्युल फोडून औषधाचे कण मोकळे करतो. सगळा बाहेर टाकला तर डिसइंटिग्रेशन (गोळी फुटण्याची) चाचणी झकास लागते, पण चाचणीच्या बास्केटखाली जाडे ग्रॅन्युल पडलेले दिसतात आणि डिसोल्यूशन, म्हणजे औषध विरघळणं, मागे राहतं. सगळा आत टाकला तर ओलं करताना तो एकदा फुगून बसतो आणि त्याचा जोर कमी होतो.

वजन करण्याआधी पोटेन्सीचा, म्हणजे कच्च्या मालात खरं औषध किती आहे त्याचा, हिशेब करा. समजा कच्च्या मालाच्या प्रमाणपत्रावर निर्जल आधारावर (पाणी वगळून) शुद्धता ९९.२ टक्के आणि पाणी ०.४ टक्के आहे. मग ५०० ÷ (०.९९२ × ०.९९६) = ५०६.१. म्हणजे प्रत्येक गोळीमागे ५०६.१ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घ्यायचं आणि वाढलेले ६.१ मिलिग्रॅम मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजमधून वजा करायचे: ४७ ऐवजी ४०.९. एकूण वजन ६०० च राहिलं पाहिजे. शुद्धता कोणत्या आधारावर दिली आहे हे प्रमाणपत्रावर वाचा. ती जशी आहे तशा नमुन्यावर दिलेली असेल तर पाण्याची दुरुस्ती पुन्हा करायची नाही.

सुसंगतता तपासायची असेल तर औषध आणि एकेक घटक १:१ प्रमाणात मिसळून, बंद आणि उघड्या अशा दोन्ही व्हायलमध्ये, ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला ४ आठवडे ठेवा. पॅरासिटामॉलमध्ये लक्ष ठेवायचं ते पॅरा-ॲमिनोफेनॉलवर, कारण जलअपघटनाने तेच तयार होतं. फॉर्म्युलात आम्ल किंवा अल्कलीधर्मी घटक घालणार असाल तर ही चाचणी टाळू नका.

कोरडं मिश्रण आणि बाइंडर

पॅरासिटामॉल, सेल्युलोज आणि आतला स्टार्च ग्लायकोलेट ४० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ४२५ मायक्रॉनमधून काढा. बारीक पॅरासिटामॉल स्थिर विद्युतभारामुळे गोळे धरतं आणि ते गोळे नंतर पाण्यानेही फुटत नाहीत. प्लॅनेटरी मिक्सरमध्ये कमी वेगाने १० मिनिटं फिरवा. धूळ उडते, मास्क लावा.

तोवर १८ ग्रॅम पोव्हिडोन ९० ग्रॅम पाण्यात विरघळवा. पाणी आधी ढवळायला लावा आणि भोवऱ्याच्या कडेला पावडर थोडी थोडी भुरभुरवा. एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या विरघळायला तासभर घेतात. द्रावण स्वच्छ झालं आणि फेस बसला की मगच वापरा. ऑक्सिडेशनला नाजूक असलेल्या दुसऱ्या एखाद्या औषधासाठी पोव्हिडोन वापरत असाल तर त्यातल्या पेरॉक्साइडचं प्रमाण आधी बघा. पॅरासिटामॉलला सहसा त्याचा त्रास होत नाही.

पाणी किती: इथे घाई नको

बाइंडरचं द्रावण ३ ते ४ मिनिटांत, बारीक धारेने, मिक्सर चालू ठेवून घाला. मग थांबवा, भांड्याच्या भिंती आणि तळ खरवडून माल मध्ये आणा, पुन्हा २ मिनिटं फिरवा. खरवडायचं राहिलं तर तळाशी कोरडी पावडर आणि मध्ये लगदा अशी स्थिती होते, आणि वरून दिसणारं सगळं ठीक वाटतं.

यानंतर साधं पाणी १० ग्रॅमच्या टप्प्यांनी घाला. प्रत्येक टप्प्यानंतर एक मिनिट मळून मूठभर माल दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, आणि अंगठ्याने मध्ये दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत स्वच्छ तुटला पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी आहे. तळहाताला चिकटला, तुटण्याऐवजी वाकला, किंवा चाळणीतून लांब दोरे निघू लागले तर पाणी जास्त झालं. बाइंडर धरून एकूण पाणी साधारण ११० ते १३० ग्रॅमपर्यंत जातं. हा आकडा पॅरासिटामॉलच्या कणांच्या आकारावर हलतो, कारण कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त आणि पाणीही जास्त. पुरवठादार बदलला आणि जुन्याच पाण्यावर बॅच कोरडी राहिली तर हेच कारण आधी तपासा.

मिक्सरला वॅट किंवा टॉर्क दाखवणारा मीटर असेल तर दर ३० सेकंदांनी आकडा लिहून ठेवा. आकडा चढून एका सपाट टप्प्यावर येतो, त्या टप्प्याच्या सुरुवातीला थांबायचं असतं. पुढे पुन्हा झपाट्याने चढू लागला की माल लगद्याकडे चालला आहे. मुठीची चाचणी माणसागणिक बदलते, मीटरची नाही. मोठ्या बॅचला जाताना हीच नोंद उपयोगी पडते.

पाणी जास्त झालं तर कोरडी पावडर घालून सावरायचा मोह होतो. संशोधनाच्या बॅचमध्ये तसं करू नका. त्या बॅचचे पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात. बॅच टाकून द्या आणि कारण लिहा.

ओला माल १० किंवा १२ मेशमधून काढून लगेच ट्रेवर पसरा. रात्रभर ओला ठेवलेला माल म्हणजे जंतूंना आमंत्रण.

वाळवण

थर १ सेंटिमीटरच्या आसपास, ट्रे ड्रायर ५० ते ५५ अंशांना. दर २०-३० मिनिटांनी माल उलटा करा. सुरुवातीलाच तापमान चढवलं तर ग्रॅन्युलचा बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतलं पाणी अडकतं. मीटरवर ओलावा ठीक दिसतो. मग चाळताना ग्रॅन्युल फुटतात, आतला ओलसर गाभा उघडा पडतो आणि पंचाला चिकटायला लागतो.

ओलावा मोजताना ट्रेच्या वरून, तळातून आणि कोपऱ्यातून नमुने घ्या, एकत्र करा, थंड होऊ द्या. २ ते ३ ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत. लक्ष्य १.५ ते २.५ टक्के.

खालची मर्यादा वरच्याइतकीच महत्त्वाची आहे. पोव्हिडोनच्या थरात थोडं पाणी असलं की तो मऊ राहतो, दाबाखाली वाहतो आणि कणांच्या लवचीक फुगण्याला झेलतो. १ टक्क्याच्या खाली गेला की तोच थर ठिसूळ होतो आणि गोळी डायमधून, म्हणजे दाबायच्या साच्यातून, बाहेर पडताच तडकते. एखादी चांगली बॅच शनिवार-रविवार ड्रायरमध्येच राहून गेली आणि सोमवारी टोपी उडायला लागली, तर बाइंडर वाढवण्याआधी ओलावा मोजा. ३ टक्क्यांच्या वर गेलं तर अडचण उलटी: पंचावर चिकटणं, गोळीच्या पृष्ठभागावर खड्डे.

वाळलेला माल २० मेशमधून, म्हणजे ८५० मायक्रॉनमधून काढा. नंतर १०० ग्रॅम नमुना ६० मेशवर चाळून खाली किती पडतो ते बघा. २० ते ३० टक्के बारीक माल हवाच असतो, कारण तो मोठ्या ग्रॅन्युलमधल्या जागा भरतो. ४० टक्क्यांच्या पुढे गेला तर ग्रॅन्युल कच्चे आहेत, म्हणजे पुन्हा पाण्याचाच प्रश्न.

प्रवाह बघण्यासाठी सैल घनता आणि ठोकून घेतलेली घनता मोजा. समजा ०.४८ आणि ०.५८ ग्रॅम प्रति मिलिलिटर आली. कार निर्देशांक (०.५८ − ०.४८) ÷ ०.५८ × १०० = १७.२, हाउसनर गुणोत्तर १.२१. हे ठीकठाक आहे, चालतं. कार निर्देशांक २५ च्या पुढे गेला तर गोळ्यांच्या वजनात चढउतार येणार.

ल्युब्रिकेशन

इथे एक छोटा हिशेब बऱ्याचदा सुटतो. आतले घटक ५७७ ग्रॅम होते, पण भांड्याला आणि चाळणीला लागून हातात ५६० ग्रॅमच ग्रॅन्युल आले. बाहेरचे घटक ५६० ÷ ५७७ = ०.९७ ने कमी करायचे: स्टार्च ग्लायकोलेट १४.६, सिलिका २.९, स्टिअरेट ४.९ ग्रॅम. तसं न केल्यास गोळीत औषध कमी आणि स्टिअरेट जास्त पडतं.

स्टार्च ग्लायकोलेट आणि सिलिका ४० मेशमधून काढून ग्रॅन्युलसोबत १० मिनिटं ब्लेंडरमध्ये फिरवा. ब्लेंडर अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरलेला असावा, काठोकाठ नको. मॅग्नेशियम स्टिअरेट ६० मेशमधून काढून शेवटी घाला आणि फक्त ३ ते ५ मिनिटं फिरवा. स्टिअरेट जितकं फिरेल तितका त्याचा पाण्याला न जुमानणारा पातळ थर ग्रॅन्युलवर पसरतो. मग गोळी मऊ पडते आणि विरघळायलाही उशीर करते. वेळ घड्याळ लावून मोजा.

दाबणं

१२ मिलिमीटरचा गोल, सपाट, कडा तिरप्या केलेला पंच घ्या. खोल वक्र पंच या औषधाला मानवत नाही, वक्र टोपीच्या मुळाशी ताण साठतो.

सुरुवातीला एकाच दाबावर समाधान मानू नका. ५, १०, १५ आणि २० किलोन्यूटनला प्रत्येकी २० गोळ्या काढा, वजन ६०० वर स्थिर ठेवून. १२ मिलिमीटरच्या पंचाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, म्हणजे १० किलोन्यूटनला दाब सुमारे ८८ मेगापास्कल. प्रत्येक संचाची टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटेपर्यंतची ताकद) काढा: २ × फोडणारं बल ÷ (३.१४ × व्यास × जाडी). १२० न्यूटनला फुटणाऱ्या, ४.५ मिलिमीटर जाड गोळीसाठी २४० ÷ (३.१४ × १२ × ४.५) = १.४ मेगापास्कल. १ च्या खाली फ्रायबिलिटी, म्हणजे घासून झिजण्याची चाचणी, धोक्यात येते. दाब वाढवूनही हा आकडा घसरायला लागला तर तिथून पुढे कॅपिंगचं राज्य आहे. कामाचा दाब त्या वळणाच्या बराच अलीकडे ठेवा.

हार्डनेस टेस्टरमध्ये गोळी कशी फुटते तेही बघा, नुसता आकडा लिहू नका. व्यासावर उभी चीर पडून दोन अर्धुकं झाली तर मोजमाप खरं. गोळी आडव्या थरांत सुटली, वरचा पातळ चकतीसारखा भाग वेगळा निघाला, तर ते लॅमिनेशन आहे. अशा वेळी वरचं सूत्र लागू होत नाही आणि छापलेला आकडा चांगला दिसला तरी फसवा असतो.

कॅपिंग दिसलं तर याच क्रमाने तपासा: ओलावा, बारीक मालाचं प्रमाण, स्टिअरेटची वेळ, मग प्री-कम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) आणि वेग, मग पंचाच्या कडा आणि डायला पडलेली झीज. एवढं करूनही थांबलं नाही तरच पोव्हिडोन ३ वरून ४ टक्के. हाताने फिरवायच्या एक-पंच मशीनवर सुरेख आलेली गोळी अनेक पंचांच्या, वेगाने फिरणाऱ्या रोटरी मशीनवर फुटते, याचं कारण डायमधला दाबाखालचा वेळ कित्येक पटींनी कमी होतो आणि कणांना बसायला उसंत मिळत नाही. त्यामुळे रोटरीवर एक छोटी धाव घेतल्याशिवाय फॉर्म्युला पक्का झाला असं लिहू नका.

चाचण्या

वजन: २० गोळ्या एकेक करून. या वजनाला सरासरीच्या ५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ५७० ते ६३०. त्याबाहेर दोनपेक्षा जास्त नकोत आणि १० टक्क्यांबाहेर एकही नको.

फ्रायबिलिटीसाठी सवयीने १० गोळ्या घेतल्या जातात. नियम असा आहे की गोळी ६५० मिलिग्रॅम किंवा कमी वजनाची असेल तर ६.५ ग्रॅमच्या जास्तीत जास्त जवळचा नमुना घ्यायचा. ६०० च्या गोळीसाठी ते ११ होतात, ६.६ ग्रॅम. आधी धूळ झटकून वजन, २५ फेरे प्रति मिनिट, १०० फेरे, पुन्हा धूळ झटकून वजन. घट १ टक्क्याच्या आत. एकही गोळी फुटली, चिरली किंवा तिची टोपी सुटली तर घट कितीही कमी असो, चाचणी नापास. २४ तास ठेवलेल्या गोळ्यांवर ही चाचणी पुन्हा करा. काही गोळ्यांतला ताण दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो.

डिसइंटिग्रेशन ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटांच्या आत. या फॉर्म्युलाला ५ मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ग्रॅन्युल जास्त ओले केले गेले होते का ते नोंदीत बघा.

डिसोल्यूशन यूएस फार्माकोपियाच्या (अमेरिकेच्या औषधमानक ग्रंथाच्या) पद्धतीने: पीएच ५.८ चा फॉस्फेट बफर ९०० मिलिलिटर, पॅडल ५० फेरे प्रति मिनिट, ३७ अंश, ३० मिनिटांत किमान ८० टक्के. पहिल्या टप्प्यात ही मर्यादा ५ टक्क्यांनी कडक असते: ६ पैकी प्रत्येक गोळी ८५ टक्के किंवा जास्त हवी. नुसतं ३० मिनिटांचं मोजमाप संशोधनाला पुरत नाही, ५, १०, १५, २० मिनिटांनाही नमुने घ्या. बफरमधली हवा काढलेली असावी, नाहीतर बुडबुडे गोळीला चिकटून तिला पाण्यापासून दूर ठेवतात. नमुना पृष्ठभाग आणि पॅडलचा वरचा काठ यांच्या मधोमध, भांड्याच्या भिंतीपासून किमान १ सेंटिमीटर आत. फिल्टरमधून पहिले काही मिलिलिटर फेकून द्या.

पूर्ण विरघळल्यावर द्रावणात सुमारे ५५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतात. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २४३ नॅनोमीटरला वाचायला हे फारच तीव्र. ५ मिलिलिटर ५० पर्यंत, त्यातले पुन्हा ५ मिलिलिटर ५० पर्यंत, म्हणजे ५.६ वर येतं. १ मिलिलिटर थेट १०० पर्यंत नेण्यापेक्षा यात पिपेटची चूक कमी होते. पॅडलखाली पावडरीचा शंकू जमला तर ते नोंदवा. विरघळण्याचा आकडा ७५ टक्क्यांवर अडकून पुढे सरकत नसेल तर दोष बहुधा फॉर्म्युलाचा नसून त्या शंकूचा असतो. वेग थोडा वाढवून एकदा पडताळून बघा, पण तो आकडा निकालात धरू नका.

संदर्भ गोळीशी तुलना करताना प्रत्येकी १२ गोळ्या आणि एफ२ गुणांक (विरघळण्याचे दोन आलेख किती जुळतात ते सांगणारा आकडा) वापरतात, तो ५० किंवा जास्त असेल तर प्रोफाइल सारखी. दोन्ही गोळ्या १५ मिनिटांत ८५ टक्क्यांच्या पुढे गेल्या तर एफ२ काढायची गरज नाही.

प्रयोगांची आखणी

पोव्हिडोन २, ३, ४ टक्के आणि बाहेरचा स्टार्च ग्लायकोलेट १, २.५, ४ टक्के घेऊन ९ बॅचची जाळी आखा, त्यात मधली बॅच आणखी दोनदा. जागा सेल्युलोजमधूनच काढायची. हे दोन घटक एकमेकांविरुद्ध ओढतात, त्यामुळे एकावेळी एकच बदलत गेलात तर त्यांच्यातलं नातं दिसतच नाही. बॅचचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. मधल्या तीन बॅच आपसांतच जुळल्या नाहीत तर आलेख काढू नका. अशा वेळी फरक घटकांचा नसून पाण्याच्या टप्प्याचा आणि ओलाव्याचा असतो.

निवडलेल्या बॅचच्या गोळ्या ठरलेल्या पॅकमध्ये ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेला ६ महिने, आणि सोबत २५ अंश व ६० टक्क्यांना १२ महिने ठेवा. अॅसे, म्हणजे गोळीतल्या औषधाच्या मोजलेल्या प्रमाणाचा आकडा, सुरुवातीच्या आकड्यापासून ५ टक्के सरकला तर तो लक्षणीय बदल धरतात. पॅरासिटामॉल बहुतेक वेळा टिकून राहतं, हार्डनेस मात्र राहत नाही. स्टार्च ग्लायकोलेट ओलावा ओढतं, गोळी मऊ आणि जाड होते. म्हणून दर वेळी नमुना काढल्यावर अॅसेच्या आधी जाडी आणि फोडणारं बल मोजा, आणि पॅक उघडल्यावर त्याच तासात मोजा.